चार वर्षांची राज्यघटना आणि सात सह्या

मागच्या सेमिस्टरला मशीन्सच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "वेबर म्हणजे काय?" प्रश्न अगदीच सोपा होता. मी लगेच सांगितलं, "सर, मॅग्नेटिक फ्लक्सचं युनिट. एक वेबर पर स्क्वेअर मीटर म्हणजे एक टेस्ला." सर म्हणाले, "ते झालं. पण वेबर कोण होता?" मी गप्प. माझ्या मागे उभी असलेली पार्टनरसुद्धा गप्प. सर हसले आणि म्हणाले, "अगं, या माणसाची एका सहीपायी नोकरी गेली होती. कधीतरी लायब्ररीत जाऊन वाच."

मार्क मिळाले, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. परीक्षा संपल्यावर लायब्ररीत बसले. वेबर शोधायला गेले आणि सापडली एक राज्यघटना, जी जेमतेम चार वर्षं जगली! मित्रमैत्रिणींनो, त्या राज्यघटनेचीच गोष्ट आज सांगणार आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळते. चुका पोटात घाला. आणि इतिहासाचा लेख म्हणून पान उलटू नका. यात आपल्यासारखेच होस्टेलवाले विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत, आणि "सही करू की नको?" हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा प्रश्नही आहे.

राजा लंडनमध्ये, प्रजा हॅनोवरमध्ये

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनी नावाचा एक देश नव्हताच. १८१५ साली जो जर्मन संघ तयार झाला त्यात एकोणचाळीसच्या आसपास राज्यं होती. ऑस्ट्रिया आणि प्रशिया ही दोन मोठी, बाकीची मधली नाहीतर अगदी छोटी. त्यातलंच एक उत्तरेकडचं राज्य म्हणजे हॅनोवर. याची गंमत अशी की १७१४ पासून हॅनोवरचा राज्यकर्ता आणि इंग्लंडचा राजा एकच होता. म्हणजे राज्यं दोन, कायदे दोन, पण डोकं एक, आणि ते डोकं राहायचं लंडनला. हॅनोवरचा कारभार तिथले सरदार आणि मंत्री बघायचे.

याच राज्यात गॉटिंगेन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथलं विद्यापीठ १७३७ साली रीतसर सुरू झालं आणि बघता बघता युरोपभर गाजलं. गणिताचा राजा म्हणतात तो गाऊस तिथल्या वेधशाळेचा प्रमुख होता. १८३१ साली विल्हेल्म वेबर हा तरुण तिथे फिजिक्सचा प्राध्यापक म्हणून आला. १८३३ साली दोघांनी मिळून गावातल्या घरांच्या छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार ओढली आणि तिच्यातून संदेश पाठवला. कामाला आलेल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक टेलिग्राफपैकी हा एक. आपण इलेक्ट्रिकलवाल्यांनी तर तिथल्या मातीला नमस्कारच करायला हवा!

आणि बघा ना, याच १८३३ साली त्या राज्याला राज्यघटना मिळाली.

घटना कशी आली आणि तिच्यात काय होतं?

ती काही कुणी प्रेमाने दिली नव्हती. १८३० साली पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि तिचे धक्के जर्मन राज्यांना बसले. जानेवारी १८३१ मध्ये गॉटिंगेनमध्येच उठाव झाला. पुढे कोण होतं, तर विद्यापीठातले तरुण अध्यापक! त्यांच्यामागे विद्यार्थी आणि गावकरी. त्यांनी गावाचा टाऊन हॉल ताब्यात घेतला आणि राज्यघटना मागितली. आठवडाभरात सैन्य आलं, उठाव मोडला. पण लंडनला समजायचं ते समजलं. जुना कर्ता मंत्री घरी गेला, आणि दोन वर्षं चर्चा होऊन २६ सप्टेंबर १८३३ रोजी राजा चौथा विल्यम याने घटनेवर सही केली. मसुद्याच्या कामात गॉटिंगेनचे इतिहास आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक डालमान यांचा हात होता. ओस्नाब्रुक शहराचे वकील श्ट्युवे हेही त्यासाठी झटले होते.

आजच्या मापाने बघितलं तर ही घटना फार क्रांतिकारक वाटणार नाही. सगळ्यांना मत नव्हतं, बायकांना तर नव्हतंच. दोन सभागृहं होती, त्यातलं वरचं सरदारांच्याच हातात. तरी तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली, खालच्या सभागृहात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले. जे आजवर फक्त सारा भरत होते, त्यांना बसायला खुर्ची मिळाली.

दुसरी, मंत्री जबाबदार झाले. राजाच्या हुकमावर मंत्र्याची सही लागेल आणि त्या सहीचा जाब मंत्र्याला विचारता येईल, असं ठरलं. "मी काय करू, वरून ऑर्डर आली," हे उत्तर चालणार नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, कारण ती पैशाची. त्याआधी राज्यात दोन तिजोऱ्या होत्या. राजाच्या खास जमिनी आणि जंगलं यांचं उत्पन्न एका तिजोरीत जायचं आणि त्याचा हिशेब राजाशिवाय कुणी बघायचा नाही. लोकांकडून घेतलेले कर दुसऱ्या तिजोरीत. घटनेने दोन्ही तिजोऱ्या एक केल्या. राजाच्या खर्चासाठी ठरलेला हिस्सा बाजूला, आणि बाकीचा हिशेब सभागृहासमोर. मेसच्या बिलावर आपण वर्षानुवर्षं भांडतो ते याचसाठी ना? खर्च कमी करा असं आपण नंतर म्हणतो, आधी म्हणतो, हिशेब दाखवा.

आता यात एक कच्चा दुवा राहून गेला होता, तो लक्षात ठेवा. सभागृहांनी मंजूर केलेल्या मसुद्यात राजा विल्यमने सही करण्यापूर्वी काही बदल केले, आणि ते बदल पुन्हा सभागृहांपुढे न ठेवता घटना लागू केली. तेव्हा कुणी फार आवाज केला नाही. घटना मिळतेय ना, मग कशाला ताणायचं! सर्किटमध्ये एक जॉइंट कच्चा ठेवून आपण पुढे जातो ना, तसंच झालं.

नवा राजा येतो

२० जून १८३७ रोजी राजा विल्यम वारला. त्याला वारस मूल नव्हतं. इंग्लंडच्या गादीवर त्याची अठरा वर्षांची पुतणी व्हिक्टोरिया बसली. पण हॅनोवरमध्ये कायदा वेगळा होता. घराण्यात पुरुष वारस असेपर्यंत बाईला गादी मिळत नसे. त्यामुळे १२३ वर्षं एकत्र असलेली दोन राज्यं एका दिवसात वेगळी झाली, आणि हॅनोवरची गादी विल्यमचा भाऊ अर्न्स्ट ऑगस्ट याच्याकडे गेली. हा इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ कंबरलँड म्हणून ओळखला जायचा. लढाया केलेला, चेहऱ्यावर जखमेची खूण, वय ६६, आणि विचाराने इतका जुना की इंग्लंडमधले जुन्या वळणाचे लोकही त्याच्यापुढे सुधारक वाटावेत.

जून संपता संपता तो हॅनोवरला पोचला. ५ जुलैला त्याने जाहीर केलं की १८३३ ची घटना आपल्यावर बंधनकारक नाही. सप्टेंबरमध्ये गॉटिंगेन विद्यापीठाचा शंभर वर्षांचा मोठा उत्सव झाला. नव्या सभागृहाचं उद्घाटन झालं, पाहुणे आले, भाषणं झाली. राजाही आला होता. आणि १ नोव्हेंबर १८३७ रोजी त्याने घटना रद्द केली. चार वर्षं, एक महिना आणि सहा दिवस, एवढंच तिचं आयुष्य. सरकारी नोकरांनी घटनेची जी शपथ घेतली होती, तिच्यातूनही त्याने त्यांना 'मोकळं' केलं. प्राध्यापकही सरकारी नोकरच होते.

राजाची बाजू

अभ्यासाचा लेख म्हणतेय तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात. राजाचं म्हणणं थोडक्यात असं. एक, घटना हा राजा आणि सभागृहं यांच्यातला करार होता, आणि राजा विल्यमने शेवटचे बदल परस्पर केले म्हणून तो करार पुरा झालाच नाही. (आला ना तो कच्चा जॉइंट!) दोन, राजाच्या जमिनी ही घराण्याची मालमत्ता, त्यांचा हक्क सोडताना गादीचा वारस म्हणून माझी संमती घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. तीन, ही घटना राज्याच्या भल्याची नाही.

पहिलं वाचलं तेव्हा मलाही वाटलं, की माणूस अगदीच चुकीचं बोलत नाहीये. पण उलट बाजू वाचली आणि मत बदललं. सभागृहं चार वर्षं याच घटनेप्रमाणे भरली होती, कायदे झाले होते, कर घेतले होते. म्हणजे बदलांना वागणुकीतून मान्यता मिळालीच होती. शिवाय सगळ्या जर्मन राज्यांना लागू असलेला १८२० चा व्हिएन्नाचा करार होता. त्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे, जी घटना प्रत्यक्ष चालू आहे ती फक्त घटनेनेच सांगितलेल्या मार्गाने बदलता येते. अर्न्स्ट ऑगस्टला घटना बदलायची होती तर सभागृहापुढे जायचं होतं. तो गेला नाही. त्याने नुसतं "मला मान्य नाही" म्हटलं.

आणि खरा प्रश्न याच्याही खाली आहे. राज्य म्हणजे राजाच्या घरची इस्टेट आहे का? इस्टेट असेल तर वारसाची संमती लागेल, हे खरं. पण गॉटिंगेनचेच कायद्याचे प्राध्यापक आल्ब्रेख्त यांनी त्याच १८३७ साली एका पुस्तकाच्या परीक्षणात एक साधा आणि जबरदस्त विचार मांडला होता. राज्य ही स्वतःच एक कायदेशीर व्यक्ती आहे, आणि राजा हा तिचा मालक नाही, तर तिचा एक अवयव आहे. हे पटलं की सगळं स्वच्छ दिसतं. विल्यमची सही ही विल्यम नावाच्या माणसाची सही नव्हती, ती राज्याची सही होती. माणूस गेला तरी सही राहते. आपल्याकडे एखादे प्रिन्सिपल बदलले म्हणून आधीच्या वर्षाचं डिग्री सर्टिफिकेट रद्द होतं का? नाही ना? मग झालं तर.

सात सह्या

१ नोव्हेंबरनंतर सगळीकडे कुजबुज झाली, पण उघड बोलायला कुणी तयार नव्हतं. १८ नोव्हेंबरला डालमान यांनी विद्यापीठाच्या वरिष्ठ मंडळाला एक पत्र लिहिलं. भाषा नम्र होती. आशय असा, की आम्ही घटनेची शपथ घेतली आहे आणि एका माणसाने मोकळं केलं म्हणून ती सुटत नाही. घटना बाजूला सारून जी सभा बोलावली जाईल, तिच्यासाठी प्रतिनिधी निवडण्यात आम्ही भाग घेणार नाही. आणि मला सगळ्यात भिडलेला मुद्दा विद्यार्थ्यांबद्दलचा होता. आम्ही शिकवतो ते मुलांना पटतं ते आमच्या सचोटीमुळे. आम्हीच शपथेशी खेळतो असं त्यांना दिसलं, तर आमच्या शिकवण्याला काय किंमत राहील?

पत्राखाली सात सह्या झाल्या. डालमान (वय ५२). कायद्याचे आल्ब्रेख्त (३७). जर्मन भाषेचे अभ्यासक याकोब ग्रिम (५२) आणि त्यांचा धाकटा भाऊ विल्हेल्म ग्रिम (५१). हो, तेच ग्रिम बंधू! हिमगौरी आणि सिंड्रेलाच्या गोष्टी ज्यांनी गोळा केल्या ते. साहित्याच्या इतिहासाचे गेर्विनुस (३२). पूर्वेकडच्या भाषांचे एवाल्ड (३४). आणि सातवा आपला वेबर, वय ३३.

कॉन्व्हेंटमध्ये असताना ग्रिमच्या गोष्टी मी इंग्रजीतून कितीतरी वेळा वाचल्या होत्या. त्या लिहिणाऱ्यांपैकी एकाला राजाने देशाबाहेर काढलं होतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आता यात विद्यार्थी कुठे आले? पत्र खरं तर मंडळाला लिहिलेलं, म्हणजे फाईलमध्ये पडून राहायचं. पण त्याची एक प्रत विद्यार्थ्यांच्या हाती लागली. झेरॉक्स नाही, मोबाइल नाही. पोरांनी हाताने नकला काढल्या आणि सगळीकडे पाठवल्या. थोड्याच दिवसांत ते पत्र राज्याबाहेरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. असाइनमेंट रात्रीतून कॉपी करण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण कॉपी कशासाठी करावी, हे त्या पोरांकडून शिकावं!

राजा भडकला. विद्यापीठाच्या बड्या मंडळींचं शिष्टमंडळ त्याला भेटून "आमचा या पत्राशी संबंध नाही" अशा सुरात बोलून आलं. सातही जणांची चौकशी झाली. सह्या आमच्याच, असं सातही जणांनी सांगितलं. डिसेंबरच्या मध्याला हुकूम आला. सातही जण बडतर्फ. आणि ज्यांनी पत्र इतरांना दिल्याचं कबूल केलं ते तिघे, म्हणजे डालमान, याकोब ग्रिम आणि गेर्विनुस, यांनी तीन दिवसांत राज्य सोडायचं.

ज्यांनी सही केली नाही

गाऊसने सही केली नाही.

हे वाचून मला राग आला, खरं सांगते. वेबर त्याचा रोजचा सहकारी. एवाल्ड तर त्याचा जावई! जगातला सगळ्यात मोठा गणिती, त्याच्या एका सहीने केवढं वजन आलं असतं. पण तो गप्प राहिला. मग मी अजून वाचलं. गाऊस तेव्हा साठ वर्षांचा होता. घरात नव्वदी ओलांडलेली आई होती, तिची दृष्टी गेलेली. राजकारणात त्याचे विचार मुळातच जुन्या वळणाचे, गडबड त्याला नको असायची. वेबरला गॉटिंगेनमध्ये ठेवता यावं म्हणून त्याने आपल्या परीने खासगीत प्रयत्न केले, ते जमले नाहीत. लेक आणि जावई ट्युबिंगेनला निघून गेले आणि ती लेक १८४० साली तिकडेच वारली. तार तशीच छपरांवर लटकत राहिली आणि १८४५ साली वीज पडून तुटली.

म्हणजे सही न करूनही किंमत चुकवावी लागलीच. फक्त ती वेगळ्या खात्यातून गेली.

आता माझी एक गोष्ट सांगते. अकरावी-बारावीला मी दुसऱ्या शहरात एका होस्टेलवर होते. तिथे मेसचं एक रजिस्टर होतं. आमच्या आधीच्या मुलींनी आणि तेव्हाच्या मॅडमनी मिळून नियम लिहिले होते, की दर महिन्याला दोन मुली बिलं तपासतील आणि हिशेब बोर्डावर लागेल. नवीन व्यवस्थापन आलं आणि म्हणालं, या रजिस्टरवर कुठला शिक्का नाही, आम्ही ते मानत नाही. सहा मुलींनी अर्ज लिहिला. माझी रूममेट तो घेऊन रात्री माझ्या पलंगाशी आली. म्हणाली, "वाच आणि सही कर." मी वाचला. एक शब्दही चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "उद्या करते." दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, बाबांचा फोन येऊन गेला होता, "अभ्यासाव्यतिरिक्त कशात पडू नकोस बाळा." मी सही केली नाही. त्या सहा जणींच्या घरच्यांना बोलावून घेतलं. रूममेटच्या आईला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेलं मी जिन्यातून बघितलं आणि वरच्या वर परत गेले. रूममेट मला कधीही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यामुळे गाऊसवर रागावण्याचा हक्क मला नाही. आणि तरीही त्या सातांच्या नावांपुढे मी थांबते.

पुलापलीकडे

१७ डिसेंबर १८३७. कडाक्याची थंडी. तिघे प्राध्यापक गॉटिंगेन सोडून शेजारच्या हेसेन राज्याच्या हद्दीवरच्या विट्झेनहाऊझेन गावाकडे निघाले. त्यांना निरोप द्यायला विद्यार्थ्यांचा मोठा घोळका चालत चालत सरहद्दीपर्यंत गेला. वेरा नदी ओलांडली की हॅनोवरच्या राजाचा हुकूम संपत होता. तिथे सगळ्यांनी निरोप घेतला.

याकोब ग्रिमने नंतर 'माझ्या बडतर्फीविषयी' या नावाची एक पुस्तिका लिहिली, ती १८३८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापली गेली. त्यात त्याने सरहद्दीवरचा एक प्रसंग सांगितला आहे. एक म्हातारी आपल्या नातवाला सांगत होती, की या गृहस्थांना हात दे, ते निर्वासित आहेत. आयुष्यभर ज्याने म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेल्या गोष्टी जपून ठेवल्या, त्याच्याच आयुष्यात अशी एक म्हातारी आली.

पुढे काय झालं? लाइपझिग शहरात लोकांनी वर्गणीचा फंड काढला आणि सात जणांना पगाराच्या जागी पैसे पोचते केले. फंडाला पैसे अनेक राज्यांतून आले. कधी न भेटलेल्या प्रोफेसरांसाठी लोक खिशात हात घालत होते, आणि त्यातूनच वेगवेगळ्या राज्यांतल्या जर्मनांना आपण एक आहोत असं वाटू लागलं. ओस्नाब्रुक शहराने जर्मन संघाकडे तक्रार केली. हायडेलबर्ग, येना आणि ट्युबिंगेन इथल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी लेखी मत दिलं की घटना वैधच आहे. तरी १८३९ साली संघाने हात झटकले. १८४० साली राजाने आपल्या सोयीची नवी घटना आणली. म्हणजे त्या घटकेला राजा जिंकला, यात शंका नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १८४८ साली सगळ्या जर्मनीत पुन्हा क्रांती झाली, तेव्हा याच अर्न्स्ट ऑगस्टला त्याच श्ट्युवेना मंत्री करावं लागलं आणि घटना पुन्हा उदार करावी लागली. त्याच वर्षी फ्रँकफर्टला सगळ्या जर्मन राज्यांची पहिली निवडून आलेली संसद भरली. तिच्यात सातांपैकी चार जण होते: डालमान, आल्ब्रेख्त, याकोब ग्रिम आणि गेर्विनुस. तिथे १८४९ साली तयार झालेली घटना लागू होऊ शकली नाही, तीही अल्पायुषीच. पण तिच्यातले मूलभूत हक्क १९१९ च्या वायमार घटनेत आणि १९४९ च्या घटनेत परत आले. अल्पायुषी घटनांची अशी गंमत असते. त्या मरतात, पण त्यांचा मसुदा पुढच्या पिढीच्या टेबलावर जातो.

हॅनोवरचं काय? १८५५ साली पुढच्या राजाने घटना पुन्हा मागे फिरवली, आणि १८६६ साली प्रशियाने ते राज्यच गिळून टाकलं. आपली घटना मोडणाऱ्या राज्याच्या मदतीला शेवटी घटना काय, संघही आला नाही. गंमत म्हणजे एवाल्ड तोवर गॉटिंगेनला परतले होते. प्रशियाच्या राजाची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला आणि दुसऱ्यांदा नोकरी गमावली! आधीच्या राजाने छळलं, तरी शपथ म्हणजे शपथ. वेबर काही वर्षं नोकरीशिवाय काढून १८४३ साली लाइपझिगला गेला आणि १८४९ साली गॉटिंगेनला परत आला. त्याचं नाव आपण रोज फ्लक्ससोबत लिहितो. राजाच्या नावाचं मात्र कुठलं युनिट नाही!

आपल्या इकडचा एक धागाही सापडला, तो सांगायलाच हवा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ साली आलेले संस्कृतचे पंडित ब्युलर यांचा जन्म हॅनोवर राज्यातला, तोही जुलै १८३७ चा, म्हणजे घटनेवर गदा आली त्याच महिन्यातला. ते गॉटिंगेनलाच शिकले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले कीलहॉर्न पुढे गॉटिंगेनला प्राध्यापक झाले. आणि आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८८५ साली डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने.

शेवटी

हॅनोवरच्या रेल्वे स्टेशनसमोर अर्न्स्ट ऑगस्टचा घोड्यावर बसलेला भला मोठा पुतळा आहे. १८६१ सालचा. 'देशाच्या पित्याला, त्याच्या निष्ठावंत प्रजेकडून' असं त्यावर कोरलंय. तिथली मंडळी एकमेकांना "शेपटीखाली भेटू" असं सांगतात, म्हणजे घोड्याच्या! आणि गॉटिंगेनच्या स्टेशनसमोर २०१५ साली एका शिल्पकार बाईंनी त्याच पुतळ्याचा नुसता चौथरा उभा केला. वर घोडा नाही, राजा नाही. चौथऱ्यावर सात प्राध्यापकांची नावं आहेत.

मला तो रिकामा चौथरा फार आवडला. राज्यघटना म्हणजे तरी काय? खुर्चीवर कोण बसलंय यापेक्षा खाली काय लिहिलंय ते महत्त्वाचं, एवढंच तर ती सांगते. पण लिहिलेलं आपोआप टिकत नाही. ते टिकवायला कुणीतरी "हे मी मानतो" म्हणून सही करावी लागते, आणि ती सही अडचणीची झाल्यावरही "माझीच आहे" असं सांगावं लागतं.

व्हायवाचे ते सर कधी भेटले तर त्यांना उत्तर द्यायचं आहे. सर, वेबर म्हणजे ज्याने सही केली तो. आणि माझ्या त्या रूममेटला, जी आता कुठे शिकते हे मला ठाऊक आहे पण जिला मी तीन वर्षांत एकदाही फोन केला नाही, तिला हा अंक छापून आला की पोस्टाने पाठवणार आहे. पहिल्या पानावर माझी सही करून.